द्वारकाबाईंनी परत पाठवलेला भंडारा

आमच्या निमगावात दिलेला शब्द वेगळा आणि उचललेला भंडारा वेगळा. शब्द काय, माणसं बाजारात देतात, बांधावर देतात, तोंडात पान असताना देतात आणि पानाबरोबर थुंकूनही टाकतात. भंडाऱ्याचं तसं नाही. महादेवापुढं तळहातावर बेलाचं पान आणि हळदीची चिमूट घेऊन जो बोलला, तो मान कापली तरी फिरत नाही. फिरलाच, तर त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. द्वारकाबाईंना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? त्या इथल्याच. पण पुण्यात शिकून बी. ए. होईपर्यंत त्यांनी ही असली सगळी गावाकडची अडगळ मनातून झाडून काढली होती. त्या अडगळीत नेमकी कामाची वस्तूही गेली, एवढंच.

मी मुक्ता, गेणबाची थोरली. बाईंच्या अगदी पहिल्या वर्गातली. आता शाळेत बाईंची तसबीर लावली आहे आणि वर्षातून एकदा तिला हार घालतात. हार घालणाऱ्यांची घरं मी ओळखते. त्यातल्या बऱ्याच जणांचे बाप, पुढं सांगते त्या लग्नात जेवून तृप्त होऊन ढेकर देत घरी गेले होते. तिथं भाषणं ऐकताना माझं डोकं फिरतं, म्हणून हे लिहायला बसले.

बाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि दोन वर्षांत नवरा तापानं गेला. सासर कोऱ्हाळ्याचं. तिथं ही पोर चुलीमागं बसून असायची. थोरले भाऊ आबासाहेब बैलगाडी घेऊन गेले आणि म्हणाले, "माझी भन हितं राख चाळत बसायची न्हाय." तिला उचललं आणि थेट पुण्याला, विधवांना शिकवणाऱ्या एका आश्रमात नेऊन घातलं. त्या काळात ही सोपी गोष्ट नव्हती. भावकीनं आबासाहेबांना वाळीत टाकायची भाषा केली, पण गडी हलला नाही. हे श्रेय त्यांचं, ते मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर पुढचं इतकं झोंबलं नसतं.

बाई बी. ए. झाल्या. इंदापूरच्या बाजूला तोवर कुणी बाई बी. ए. झाल्याचं आम्ही तरी ऐकलं नव्हतं. त्यांनी एम. ए.ला नाव घातलं, एक वर्ष पुरं केलं, आणि अठ्ठेचाळीस साली आबासाहेब पुण्यात जाऊन उभे राहिले. गावात मुलींची शाळा काढायची, देवळाची धर्मशाळा मिळवून देतो, पण शिकवायला बाईमाणूस पाहिजे, तू चल. बाईंनी पुस्तकं बांधली. एकच वर्ष राहिलं होतं, ते पुरं करून या, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं. बाई म्हणायच्या, "ज्या भावानं मला माणसात आणलं, त्यानं हाक मारल्यावर मी परीक्षेचं कारण सांगायचं?" आमच्यापुढं हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

शाळा काढली, पण मुली कुठून आणायच्या? आमच्याकडं खाऊच्या पानांचे मळे. बायका आणि पोरी दिवसभर मळ्यात. पानमळ्यात पायात वहाणा घालून जात नाहीत, आणि विधवेनं तर आत पाऊलच टाकू नये असं तेव्हा बरीच घरं पाळायची. बाई ते पाळत नव्हत्या. पण भांडण काढलं तर पोरी मिळायच्या नाहीत, म्हणून बांधावर उभ्या राहून आत हाका मारायच्या. बायका वेलांआडून हसायच्या. "बी. ए. झाली आन राखणीला बसली," असं म्हणायच्या. बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा उभ्या. शेवटी बायकाच हसून हसून दमल्या आणि एकेक पोरगी बाहेर सोडली.

त्यात जयवंता होती. तिचा बाप जोतीराम आबासाहेबांच्या मळ्यात वाट्यानं होता, म्हणजे मळा त्यांचा, घाम ह्याचा. शाळेत सुरुवातीला पुस्तक एकच होतं. आम्ही बाईंच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं बसायचो, आणि जयवंताला जागा मिळायची ती बाईंच्या समोर. त्यामुळं ती वाचायला शिकली ती उलट्या पुस्तकावर. आम्ही सुलट अडखळायचो, ही उलटं धडाधड वाचायची. बाईंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग पुस्तक फिरवून दिलं, तर तसंही वाचलं. त्या दिवसापासून बाईंच्या मनानं घेतलं की आपलं राहिलेलं वर्ष ही पोरगी पुरं करणार. सातवीची फायनल, मग बारामती, मग पुणं. आमच्यादेखत त्या तिला हे सांगायच्या, आणि आम्हाला जयवंताचा हेवा वाटायचा.

घरी जेवताना त्यांच्या तोंडी तेच. आज जयवंतानं असं गणित सोडवलं, आज तसं उत्तर दिलं, तालुक्यात अशी दुसरी मुलगी नाही. पंगतीला आबासाहेब असायचे, वाढायला त्यांची बायको चंद्राबाई, आणि कोपऱ्यात मानसिंग. हा आबासाहेबांचा एकुलता एक. मॅट्रिकला आपटलेला, इंदापुरात पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडेल तो. पणदऱ्याच्या लोकांनी त्याची सोयरीक जमत आलेली मोडली, आणि त्या बातमीला पाय फुटल्यावर चांगल्या घरची मुलगी त्याला कोण देणार? बाई तारीफ करत राहिल्या आणि आबासाहेब ऐकत राहिले.

पण त्याआधी भंडाऱ्याचं सांगायला पाहिजे. त्रेपन्न साली मुली चौथीतच गळायला लागल्या. आज वर्गात, उद्या बोहल्यावर. बाईंनी भावाला गळ घातली, आणि आबासाहेबांनी सगळ्या बापांना देवळात बोलावलं. माझे वडील होते, जोतीराम होता. मुलगी सातवीची फायनल पास होईतोवर तिचं लग्न करायचं नाही, असं ठरलं. पहिली मान आबासाहेबांनीच डोलावली, आणि म्हणाले, माझ्या घराला बी हाच नेम. मग रिवाजाप्रमाणं सिद्धू गुरव ताटात बेल आणि भंडारा घेऊन आला. जोतीराम सर्वांत पुढं बसला होता. त्यानं हात धोतराला पुसून पुढं केला.

बाई उठून उभ्या राहिल्या. "सिद्धू, ते ताट माघारी ने. हळदीच्या चिमटीला भिऊन तुम्ही मुली शिकवणार असाल तर मला नको आहे. माणसाचा शब्द मला पुरेसा आहे."

 बाप एकमेकांकडं बघायला लागले. जोतीरामचा हात तसाच हवेत राहिला, मग त्यानं तो मांडीवर ठेवला. आबासाहेब हसून म्हणाले, "बराबर हाय तिचं. शिकलेल्या माणसाचं ऐकावं." बैठक उठली.

घरी जाताना चंद्राबाई वाटेत म्हणाल्या, "वन्सं, घ्यायचा हुता भंडारा."

"वहिनी, आपली माणसं आहेत. त्यांना देवाची भीती कशाला घालायची?"

"आपली हायती म्हनूनच म्हनले," चंद्राबाई म्हणाल्या. त्या बिचाऱ्या अंगठाबहाद्दर, पण नवऱ्याला त्यांनी वीस वर्षं जेवायला वाढलं होतं.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. पंचावन्नच्या फाल्गुनात जयवंताची फायनल पंधरवड्यावर आली. इंदापूरला केंद्र होतं. बाईंनी तिला स्वतःचं पांढरं पातळ कापून परकर-पोलकं शिवून दिलं होतं. तेवढ्यात बारामतीच्या महिला मंडळाचं बोलावणं आलं. मुलींचं शिक्षण आणि लवकर होणारी लग्नं ह्यावर बाईंनी बोलायचं होतं. परीक्षा तोंडावर, म्हणून बाई नको म्हणत होत्या. आबासाहेबांनीच आग्रह केला. मंडळात त्यांच्या ओळखी होत्या, बोलावणं त्यांनीच घडवून आणलं होतं, हे मागाहून कळलं. बाईंची पिशवी उचलून ते स्वतः एस.टी.पर्यंत गेले. आबासाहेबांच्या हातात कधी कुणी पिशवी पाहिली नव्हती. बाईंना भरून आलं.

बाई तिकडं व्यासपीठावर उभ्या होत्या, तेव्हा इकडं जयवंताला हळद लागत होती.

गावाला सगळं माहीत होतं. आम्हा मुलींना घरोघरी सांगितलं होतं की हे बाईंनीच जमवलं आहे, पोरीला त्या आपल्याच घरात नेणार आणि पुढं शिकवणार. आम्हाला ते पटलं. पटणारच, बाईंचा जीव जयवंतावर होता. जयवंतालाही हेच सांगितलं. फक्त तिला आबासाहेबांनी स्वतः सांगितलं, डोक्यावरून हात फिरवून. चंद्राबाई तेवढ्या लग्नभर स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. आम्ही मुली मांडवात बसलो होतो, तेव्हा बाई एस.टी.तून उतरून चालत आल्या. घरच्या दारात मांडव पाहून त्या थबकल्या. वाटेत कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. तरी त्यांच्या तोंडावर क्षणभर हसू आलं, मी पाहिलं. त्यांना वाटलं असणार, मानसिंगचं कुठंतरी घाईत जमलं. मग मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला जोतीराम त्यांना दिसला. डोक्याला नवा पटका, आणि मान खाली. बाई माणसांतून वाट काढत पाटापर्यंत गेल्या.

मुंडावळ्यांतून जयवंतानं वर पाहिलं. "बाई, परीक्षेला कवा जायाचं?" तिनं विचारलं. मग बाईंचा चेहरा बघून ती बावरली. हळूच म्हणाली, "तुमीच पसंत केलंत न्हवं मला? मामंजी म्हनले."

"मी?" बाई म्हणाल्या. 

त्या भावाकडं वळल्या. "आबा, तुम्ही शब्द दिला होता. देवळात, सगळ्यांसमोर."

आबासाहेब पानाला चुना लावत होते. "दिला हुता की. भंडारा कुठं उचलला हुता?"

मांडवात कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मला माहीत आहे आणि त्याचा नातू आता हार घालायला पुढं असतो.

"कायदा तरी..."

"पंधरा पुरी झाल्यात तिला. कायदा तूच वाचून दावला हुतास. आमी काय अडानी न्हाय." आबासाहेबांनी विडा तोंडात घातला. "आन तूच म्हनतीस न्हवं, तालुक्यात अशी दुसरी न्हाय? मग असली पोरगी दुसऱ्याच्या घरात का म्हनून घालायची? ह्या आमच्या बैलाला हाकायला शानं मानूस पायजेच हुतं."

बाईंचा आवाज चढला, आणि पुण्याची भाषा गळून पडली. "मला का न्हाय सांगितलं? मला बारामतीला का धाडलं?"

आबासाहेबांचा सूर एकदम मऊ झाला, आणि तो मऊपणा मला अजून सहन होत नाही. "मंगलकार्य हाय द्वारका. तुला म्होरं कसं उभं करायचं? लोकांनी नावं ठिवली असती, तुझंच मन दुखलं असतं. म्हनून तुझी तिकडं सोय केली."

ज्या माणसानं हिला चुलीमागून उठवलं, त्यानंच भर मांडवात तिला पुन्हा तिथं नेऊन बसवलं, आणि तेही काळजी घेतल्याच्या थाटात. बाई बाहेर पडल्या. जोतीरामपाशी मात्र थांबल्या.

"जोतीराम, तुम्हीसुद्धा?"

जोतीराम रडायला लागला. "बाई, म्या हात फुडं केला हुता. तुमीच ताट माघारी धाडलं." पटक्याच्या शेवानं त्यानं डोळे पुसले. "भंडारा असता तर म्या मालकाला म्हनलो असतो, देवाचं हाय, माझ्या हातात काय न्हाय. मालकाला बी गप बसावं लागलं असतं. नुसत्या शब्दावर वाटेकऱ्यानं मालकाला न्हाय म्हनायचं? कुठं जाऊ मग पोरंबाळं घिऊन?"

बाईंना वाटलं होतं, भंडारा म्हणजे देवाचा धाक. तो धाक आबासाहेबांसारख्यांसाठी होता. जोतीरामसारख्याला तोच एक आडोसा होता, आणि तो बाईंनी चांगल्या मनानं काढून घेतला होता. हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. त्यांनी जोतीरामच्या पाठीवर हात ठेवला, आणि धर्मशाळेकडं चालायला लागल्या.

जयवंता परीक्षेला बसली नाही. बाईंनी निरोपावर निरोप पाठवले. नव्या सुनेला इंदापूरला कोण धाडतो, असं उत्तर आलं. ते परकर-पोलकं घालून त्या वर्षी दुसरीच मुलगी परीक्षेला गेली. बाईंनी भावाचं घर सोडलं आणि धर्मशाळेच्या खोलीत राहायला लागल्या. पुण्याला परत जा, एम. ए. पुरं करा, असं बारामतीच्या बायका सांगून गेल्या. बाई म्हणाल्या, "आणि ह्या मुलींचं?" चंद्राबाई रोज दुपारी भाकरी पाठवायच्या. बाई ती खायच्या, पण त्या घराचा उंबरा त्यांनी पुन्हा चढला नाही.

पुढच्या जूनमध्ये मी सातवीत गेले, आणि माझ्या मामानं कोऱ्हाळ्याचं एक स्थळ आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात उभ्या. मागं सिद्धू गुरव, हातात ताट. माझ्या वडलांनी ताटाकडं पाहिलं, मग बाईंकडं पाहिलं. बाई जमिनीकडं बघत होत्या. त्यांच्यासारखी मान ताठ ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि त्या दिवशी ती मान खाली होती. मला इतकी लाज वाटली की मी आत पळाले. कसली लाज, ते तेव्हा कळलं नाही. माझ्यासाठी त्यांना हे करावं लागत होतं, ह्याची असावी.

वडलांनी भंडारा उचलला. मामा चिडून निघून गेला. मी फायनल पास झाले, बारामतीला गेले, मास्तरीण झाले. जे काही झालं ते त्या चिमटीवर झालं.

तेव्हापासून दर जूनला शाळेत नाव घालण्याआधी बापानं भंडारा उचलायचा, असा बाईंच्या शाळेचा नियमच झाला. पुण्याहून पाहुण्या आल्या की नाक मुरडायच्या. एक तर तोंडावर म्हणाली, "पदवीधर असून तुम्ही ही अंधश्रद्धा पोसता?" बाई "हो" म्हणाल्या आणि तिला चहा दिला.

जयवंता तीन वर्षं बाईंशी बोलली नाही. पानमळ्यातून येता-जाता दिसायची. मळ्याचा सगळा कारभार तिच्याच डोक्यावर होता, मानसिंग पत्त्यांत. बाई वाटेत थांबायच्या, "जयवंता" म्हणायच्या. ती पदर सारखा करून पुढं जायची. मला वाटायचं, एकदा तरी बाई तिला अडवून सांगतील की मला काही माहीत नव्हतं गं. बाई सांगत नव्हत्या. खरं सांगून तरी विश्वास कोण ठेवणार, असंच त्यांना वाटत असावं.

अठ्ठावन्न साली दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले होते. दुपारी बाईंपाशी बसले होते, तेव्हा जयवंता आली. खांद्यावर चार महिन्यांची मुलगी. ती आत आली, मुलीला माझ्या मांडीवर दिलं, आणि पदराची गाठ सोडली. आत बेलाचं पान होतं आणि कागदाच्या पुडीत भंडारा.

बाई गडबडून उठल्या. "कुणाकडून उचलून घ्यायचा? मानसिंगकडून? चल, मी येते, सिद्धूलाही बोलावू."

"त्येंचं माझं मी बघीन," जयवंता म्हणाली. "हा तुमी उचला."

"मी?"

"हिला शिकवीन म्हना. फायनलला बसवीन म्हना. आन तवर हिची तारीफ कुणाच्या घरात जेवताना करनार न्हाय म्हना."

 बाई परत खाली बसल्या. "जयवंता, मला खरंच ठाऊक नव्हतं गं. मी बारामतीला होते. तुझी शपथ, मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आसंल," जयवंता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मी तुला शब्द देते."

"शब्द नको, बाई."

मुलगी माझ्या मांडीवर चुळबुळ करत होती. बाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं, पातळाला हात पुसला आणि पुढं केला. जयवंतानं त्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, वर हळदीची चिमूट सोडली, आणि सांगायला लागली. बाई तिच्या मागून एकेक शब्द म्हणत गेल्या, शाळेत आम्ही त्यांच्या मागून म्हणायचो तसं.